मासा नसलेलं मत्स्यालय

बर्लिनमधल्या माझ्या घरात, हॉलच्या खिडकीपासून जरा लांब, साठ लिटरची एक काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी आहे, दगड आहेत, दगडांवर प्रवाळं आहेत, दहाबारा गोगलगायी आहेत आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला एक खेकडा आहे. मासा एकही नाही.

घरी येणारा प्रत्येक माणूस टाकीसमोर वाकतो, डावीकडून उजवीकडे बघतो, दगडांच्या मागे डोकावतो आणि एकच प्रश्न विचारतो. जर्मन माणूस जरा संकोचून विचारतो, पुण्याचा मित्र सरळ विचारतो. मालवणहून व्हिडिओ कॉलवर आजी विचारते, "रे, मासे खंय गेले?"

मी सगळ्यांना सांगतो की ही टाकी प्रवाळांची आहे, तिच्यात मासे नसतातच. हे अर्धसत्य आहे. मासे होते. मी मारले.

झालं असं. टाकी सुरू करून तीन महिने झाले होते. एका शनिवारी मी दोन क्लाउनफिश आणले, तेच ते नारिंगी-पांढरे, 'निमो'वाले. नवीन मासा आणला की त्याला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचं असतं हे मी वाचलं होतं. पण वेगळी टाकी कुठे ठेवायची, या प्रश्नावर मी ती पायरीच गाळली. आठव्या दिवशी दोघांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीत शिरून खातो, पोट भरलं की गळून खाली पडतो, दगडावर कोष करतो, कोषातून शेकडो पिल्लं निघतात आणि पुन्हा मासा शोधतात. त्यावर चालणारं जुनं औषध म्हणजे तांबं. पण तांब्याने प्रवाळं आणि गोगलगायीही मरतात, म्हणून ते टाकीत घालता येत नाही. मी बादलीत वेगळी सोय करेपर्यंत एक मासा गेला होता. दुसरा दोन दिवसांनी गेला.

अशा वेळी छंदी लोकांत एक नियम चालतो, टाकी ७६ दिवस बिनमाशाची ठेवा. परजीवीला मासा लागतोच, प्रवाळ किंवा गोगलगाय त्याला चालत नाही. कोषातून निघालेल्या पिल्लांना मासा मिळाला नाही की ती उपाशी मरतात. अडीच महिन्यांत टाकी स्वच्छ.

त्या ७६ दिवसांत मी वाचायला लागलो. प्रवाळं भांड्यात, माशांशिवाय, पहिल्यांदा कोणी ठेवली? मला वाटत होतं गोष्ट फार तर १९८०च्या आसपास सुरू होईल. ती १७०६ मध्ये सुरू होते, आणि तिची एक शाखा आजीच्या बोटापर्यंत येते.

●

आजीच्या उजव्या हातात पोवळ्याची अंगठी आहे. मंगळासाठी. नवरत्नांमधलं हे लाल पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं. कोकणच्या किनाऱ्यावर ते होत नाही. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकातच लिहून गेलाय की आपल्याकडे मोत्याला जी किंमत, ती हिंदुस्थानात पोवळ्याला. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्हॉर्नो बंदरातले ज्यू व्यापारी पोवळं लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्यात त्यांचा व्यवहार होता कामत घराण्यातल्या सारस्वत व्यापाऱ्यांशी. दोन्हीकडची माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, सगळं पत्रांवर चाललं. फ्रान्चेस्का त्रिव्हेलातो या इतिहासकार बाईंनी या पत्रव्यवहारावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

पण पोवळं म्हणजे नेमकं काय, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. दगड म्हणावं तर ते झाडासारखं फांद्यांनी वाढतं. झाड म्हणावं तर कापल्यावर दगडासारखं कडक. जुनी समजूत अशी की पाण्यात ते मऊ झाड असतं आणि हवा लागली की दगड होतं.

१७०६ मध्ये लुइजी फेर्दिनांदो मार्सिली नावाचा इटालियन सरदार दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर होता. हा मुळात लष्करी माणूस. दोनच वर्षांपूर्वी एक किल्ला लवकर शत्रूच्या हवाली केल्याच्या आरोपावरून त्याला सैन्यातून काढलं होतं. रिकामा झालेला हा माणूस समुद्राच्या नादी लागला. पोवळं काढणाऱ्या कोळ्यांबरोबर तो होडीतून गेला, ताज्या फांद्या समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात घातल्या आणि घरी आणल्या. काही वेळाने बघतो तर लाल फांदीवर पांढरी फुलं उमललेली. प्रत्येकाला आठ पाकळ्या. फांदी पाण्याबाहेर काढली की फुलं मिटायची, परत बुडवली की उमलायची. मार्सिलीने निष्कर्ष काढला की फुलं आली म्हणजे हे झाडच. पॅरिसला तसं कळवलं आणि विद्वानांनी ते मान्य केलं.

मला हे भांडं फार आवडतं. आत मासा नाही, शेवाळ नाही, एक फांदी आणि पाणी. माणसाने प्रवाळाकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते असं, आजूबाजूचं सगळं वजा करून. आणि बघून चुकीचं उत्तर काढलं.

वीसेक वर्षांनी झां-आंद्रे पेसोनेल या मार्सेयच्या डॉक्टरने तोच प्रयोग केला. याचे वडीलही डॉक्टर होते आणि १७२०च्या प्लेगमध्ये रोग्यांवर उपचार करता करता गेले. पेसोनेलला उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अभ्यासासाठी पाठवलं होतं. तिथे त्याने पोवळ्याचं भांडं विस्तवाजवळ ठेवलं. पाणी कोमट होत गेलं तशी 'फुलं' जास्तच पसरली आणि हालचाल करू लागली. फूल असं करत नाही. हे प्राणी आहेत, आणि लाल दगड म्हणजे त्यांनी बांधलेलं घर, असं त्याने लिहून पाठवलं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हे मत १७२७ मध्ये रेओम्युर यांनी वाचून दाखवलं, पण लेखकाचं नाव सांगितलं नाही. बिचाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून! पुढे १७४०च्या सुमारास आब्राहाम त्रांब्ले या शिकवणी घेणाऱ्या तरुणाने हॉलंडमध्ये खिडकीतल्या बरणीत हायड्रा नावाचा गोड्या पाण्यातला जीव ठेवला, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा नवा प्राणी झाला. प्राणी असाही असू शकतो हे कळल्यावर रेओम्युर यांनी पेसोनेल बरोबर होता हे जाहीर मान्य केलं. तोवर पेसोनेल कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर राजाचा वैद्य म्हणून जाऊन स्थायिक झाला होता.

●

पुढचं भांडं लंडनमध्ये आहे, आणि ते एका बाईचं आहे.

१८४६च्या शरद ऋतूत ॲना थिन इंग्लंडच्या दक्षिणेला टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीमधला मोठा पाद्री. ॲनाबाईंना तिथल्या खडकांवर छोटी पेल्यासारखी प्रवाळं सापडली आणि त्यांनी ती दगडी बरणीत घालून लंडनला न्यायचं ठरवलं. प्रवासात ती आपटू नयेत म्हणून त्यांनी काय केलं असेल? सुईदोरा घेतला आणि प्रवाळं स्पंजवर शिवून टाकली, म्हणजे चहूबाजूंनी पाणीही खेळतं राहील.

लंडनमध्ये समुद्र नाही. पाणी शिळं झालं की प्राणी मरणार. बाईंच्या लक्षात आलं की पाण्यात हवा मिसळत राहिली तर तेच पाणी चालतं. मग घरातली मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. चहावाला चहा उंचावरून ओततो, तसं. आज माझ्या टाकीत हे काम तळहाताएवढा पंप करतो. तो लावताना मला त्या मोलकरणीची आठवण येते. तिचं नाव कुठे वाचायला मिळालं नाही. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ घातलं, आणि ओतण्याचं काम कमी झालं. वनस्पती प्राणवायू देते, प्राणी तो घेतो. समुद्री पाण्याची ही बहुधा पहिली 'स्वतःच्या पायावर उभी' टाकी, आणि तिचे मुख्य रहिवासी होती प्रवाळं. बाईंचा निबंध छापून आला १८५९ मध्ये. मधल्या काळात श्रेय दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं होतं.

त्या दुसऱ्यांपैकी एक म्हणजे फिलिप हेन्री गॉस. निसर्गअभ्यासक, कट्टर धार्मिक, आणि लिहिण्यात तरबेज. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी पहिलं जलचरगृह उघडलं त्यात त्याचा हात होता. १८५४ मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द घराघरांत गेला. या शब्दात मासा नाही. लॅटिनमध्ये ॲक्वेरियम म्हणजे गुरांना पाणी पाजायची जागा. मासा घातला तो आपण: मत्स्यालय, फिशटँक. त्यामुळे मराठीत माझ्या टाकीला नावच नाही.

काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. गॉसच्या पुस्तकांनी मध्यमवर्गीयांना वेड लावलं. लोक हातोडी-छिन्नी आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांच्या डबक्यांतले समुद्रफुलांचे गालिचे खरवडून घरी नेऊ लागले. घरी नेलेलं बहुतेक सगळं मेलं. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिलं. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती डबकी आता ओसाड पडली आहेत, आणि याला वडिलांची लेखणीच कारण झाली, आपण काय केलं हे कळल्यावर वडिलांनाही त्याचा त्रास झाला, असं त्यात येतं. गॉसचा हेतू लोकांना ईश्वराची करणी दाखवावी एवढाच होता.

ही गोष्ट वाचली तो माझा बाविसावा की तेविसावा बिनमाशाचा दिवस होता. त्या रात्री माझ्याच्याने टाकीकडे बघवलं नाही.

पण त्याच काळातली एक उलटी गोष्टही आहे. १८२८ मध्ये सर जॉन डॅलिएल यांनी स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिक किनाऱ्यावरून एक समुद्रफूल उचलून आणलं. समुद्रफूल म्हणजे प्रवाळाचं बिनहाडांचं भावंड. ते एका छोट्या काचेच्या बरणीत ठेवलं. पाणी बदलत राहायचं, पंधरवड्यातून एकदा शिंपल्याच्या मांसाचा तुकडा द्यायचा. बस. १८५१ मध्ये डॅलिएल वारले, समुद्रफूल जगलं. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं, ज्यांच्याकडे गेलं त्यातलेही काही वारले. तिला 'ग्रॅनी' म्हणायला लागले. तिला शेकडो पिल्लं झाली, एकदा तर एका रात्रीत दोनशेहून जास्त. शेवटी ती एडिंबराच्या वनस्पती उद्यानात होती. १८८७ मध्ये ती गेली तेव्हा 'द स्कॉट्समन' या वृत्तपत्राने तिचा मृत्युलेख छापला. एकोणसाठ वर्षं, एका बरणीत, बिनमाशाची. मी दोन मासे नऊ-दहा दिवस सांभाळू शकलो नव्हतो.

●

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मार्सिलीचं लाल पोवळं, ॲनाबाईंची पेल्यासारखी प्रवाळं आणि ग्रॅनी ही सगळी अंधारातही जगणारी मंडळी. त्यांना खायला घातलं की पुरे. उष्ण कटिबंधातले, उथळ पाण्यात बेटंच्या बेटं उभारणारे प्रवाळ मात्र असे भांड्यात टिकेनात. कारण त्यांचं अर्धं पोट उन्हावर चालतं.

१८८१ मध्ये कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने अशा काही प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या पिवळ्या पेशींना नाव दिलं, झूझँथेली. या पेशी म्हणजे प्राण्याचा भाग नसून वेगळी, पाहुणी एकपेशीय शेवाळं आहेत. १८८२ मध्ये स्कॉटलंडच्या एका तरुणाने त्यात भर घातली: हे पाहुणे उन्हात प्राणवायू तयार करतात, यजमानाला पोसतात, यजमान त्यांना खत पुरवतो. त्याने त्यांना 'फिलोझून' असं नाव सुचवलं, प्राण्याचा मित्र अशा अर्थाचं. ते नाव तेव्हा टिकलं नाही.

त्या तरुणाचं नाव पॅट्रिक गेडीस. नाव ओळखीचं वाटतंय? मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक हेच. गोविंद सदाशिव घुर्ये यांना इंग्लंडला पाठवण्यात यांचाच शब्द होता, आणि १९२४ पासून विभाग घुर्ये यांच्याकडे गेला. १८८२च्या त्या कामाआधीच मेक्सिकोत गेडीस यांची दृष्टी काही काळ गेली होती. नंतर सूक्ष्मदर्शकावर तासनतास बसणं जमेना आणि ते शहरांकडे वळले. माझी बहीण समाजशास्त्राची विद्यार्थिनी. तिच्या पहिल्या वर्षाच्या वहीत गेडीस हे नाव होतं, नगररचनाकार म्हणून. प्रवाळाच्या पोटातल्या शेवाळाचं त्यात काही नव्हतं.

गेडीस यांचं म्हणणं सिद्ध व्हायला बराच वेळ लागला. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लो आइल्स या छोट्या बेटांवर वर्षभर मुक्काम ठोकून होती. त्यांनी प्रवाळं काळोख्या पेट्यांत कोंडून पाहिली. अंधारात शेवाळं निघून गेली, पण खायला घातलेली प्रवाळं जगली. त्यावरून याँग म्हणाले की शेवाळं प्रवाळाला अन्न देत नसावीत, फार तर त्याची घाण उचलतात. पुढे १९५८ मध्ये लेनर्ड मस्कटिन आणि कॅडेट हँड यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढून दाखवलं की शेवाळाने बनवलेलं अन्न खरोखर समुद्रफुलाच्या पेशीत जातं. जवळपास त्याच वेळी जमैकात टॉमस गोरो दाखवत होते की प्रवाळाचा सांगाडा उजेडात जास्त वेगाने बनतो. गेडीस बरोबर होते. तोवर त्यांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती.

●

घरात प्रवाळ जगवण्याची आधुनिक गोष्ट जकार्तात सुरू होते. ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्राचं पाणी, जिवाणू-किडे-शेवाळासकट उचललेले समुद्रातले दगड, ऊन, आणि हवेचे थोडे बुडबुडे. गाळणी नाही, रसायनं नाहीत. दगडाच्या आतबाहेर राहणारे जिवाणूच पाणी शुद्ध करतात. ज्यांच्या दाराशी समुद्र आणि डोक्यावर बारा महिने ऊन त्यांना हे सोपं. मध्य युरोपातल्या माणसाने काय करायचं?

त्याचं उत्तर जर्मन भाषकांनी काढलं. पेटर विल्केन्स यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की प्रवाळ वाढवायचं तर पाण्यातलं संपत जाणारं कॅल्शियम भरून काढायला हवं, आणि त्यासाठी वापरलं 'काल्कवासर'. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा काहीतरी जर्मन यंत्र असेल असं वाटलं. काल्कवासर म्हणजे चुन्याची निवळी! शाळेत नळीने फुंकर मारून दुधाळ करायचो तीच. चुना पाण्यात कालवायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी रात्री थेंब थेंब टाकीत सोडायचं. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ पडते, आणि प्रवाळाला हाडं बांधायला लागणारं सगळं मिळतं. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करत. म्हणजे समुद्रातल्या जिवाने बांधलेलं घर भाजायचं, विरघळवायचं आणि समुद्रातल्याच दुसऱ्या जिवाला घर बांधायला द्यायचं.

याच बर्लिन शहरात काही हौशी लोकांनी, त्यांत डीट्रिश श्ट्युबर यांचं नाव मोठं, हे सगळं एकत्र बांधलं. जिवंत दगड, फेस काढून पाण्यातली घाण बाहेर टाकणारं यंत्र, प्रखर दिवे, चुन्याची निवळी. जगभर याला 'बर्लिन पद्धत' म्हणतात. श्ट्युबर यांच्या टाकीत वाढलेल्या एका शाखाप्रवाळाचे तुकडे मित्रांना गेले, मित्रांच्या टाकीतून त्यांच्या मित्रांना. जास्वंदीची फांदी कुंपणावरून शेजारणीला द्यावी तसं. समुद्रातून नवीन काही न उपटता युरोपभर तेच एक प्रवाळ वाढलं. माझ्या टाकीतले सगळे तुकडेही असेच, कोणाच्या तरी टाकीतून आलेले. गॉसच्या गोष्टीनंतर मला टाकीकडे परत बघता आलं ते यामुळे.

●

साधारण पन्नासाव्या दिवसापर्यंत मी खूश होतो. माशांचा घास चुकवायचा नसल्याने टाकीत बारीक जीव माजले होते. रात्री लाल बॅटरी मारली की काचेवर उड्या मारणारे सूक्ष्म कवचधारी, दगडाच्या भोकातून हात बाहेर काढणारे केसाएवढे नाजूक सर्पतारे, एक लांबलचक किडा. मासे असते तर यातलं निम्मं खाल्लं गेलं असतं.

मग प्रवाळं फिकट पडू लागली. आधी हिरव्याची पोपटी, मग पिवळट. पाणी तपासलं तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मला वाटलं, एवढं शुद्ध पाणी, अजून काय हवं? त्यानंतरच्या आठवड्यात दगडांवर तपकिरी, शेंबडासारखा थर आला. डायनोफ्लॅजेलेट. प्रवाळाच्या पोटात राहणारं शेवाळ ज्या कुळातलं, त्याच कुळातले हे मोकाट भाऊबंद. दुसऱ्या कोणाला खायला उरलेलं नसतं तेव्हा ते माजतात.

१९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मायर, शुल्ट्झ आणि हेल्फमन यांचा एक निबंध आला होता. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटापाशी ग्रंट नावाच्या माशांची पोरं दिवसभर प्रवाळाच्या फांद्यांत थवा करून विसावतात आणि रात्री गवताळ भागात चरायला जातात. दिवसा ती प्रवाळावरच मुततात-हगतात. ज्या प्रवाळांवर असे थवे बसत, ती थवे नसलेल्यांपेक्षा जास्त वेगाने वाढत होती. गेडीस यांच्या भाषेत सांगायचं तर यजमान पाहुण्याला खत देतो, पण यजमानालाही ते कुठून तरी यावं लागतं.

आणि मासे काढून घेतले तर काय होतं त्याचं मोठं उदाहरण जमैका. तिथे शेवाळ चरणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच संपत आले होते, चरण्याचं काम काळे समुद्री साळिंदर एकटे ओढत होते. १९८३ मध्ये रोगाने ते साळिंदर कॅरिबियनभर मेले. टेरी ह्यूजेस यांच्या मोजणीनुसार १९७७ मध्ये तिथल्या तळाचा सुमारे ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता, १९९३ मध्ये ३ टक्के उरला. बाकी सगळीकडे शेवाळ.

तेव्हापासून मी माझ्या टाकीतला मासा आहे. रोज संध्याकाळी नायट्रेटच्या द्रावणाचे मोजून थेंब घालतो. एक दिवसाआड कोळंबीची पूड पिचकारीने प्रवाळांच्या तोंडाशी सोडतो. दर रविवारी काचेवरचं शेवाळ खरवडतो, दगडांवरचं गोगलगायी बघून घेतात. दोन क्लाउनफिश हे सगळं फुकटात, न सांगता करत होते.

●

सत्त्याहत्तराव्या दिवशी मासे आणायला मोकळा होतो. आणले नाहीत. जागा छोटी आहे हे एक कारण, आणि त्या दोघांचे ठिपके अजून डोळ्यांसमोर येतात हे दुसरं.

हे वाचून कोणाला मुंबईत किंवा पुण्यात अशी टाकी करावीशी वाटली तर थांबा. २००१ पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं पोवळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळांच्या १८ वसाहती आल्या, तर त्या हलवायला वनखात्याची परवानगी काढावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या उचलून दुसरीकडे बसवल्या. मुंबईत प्रवाळ आहे हेच कित्येकांना तेव्हा कळलं. मला तर बर्लिनमध्ये बसून कळलं.

टाकीतल्या प्रवाळांचं आता निराळंच काम निघालं आहे. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी सिंगापूर आणि ग्रेट बॅरिअर रीफवरची प्रवाळं बंद टाक्यांत ठेवली. तिकडचं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, अगदी चंद्राचा उजेडसुद्धा दिव्यांनी हुबेहूब उभा केला. प्रवाळं वर्षातून एकदाच, ठराविक पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री अंडी सोडतात. लंडनच्या तळघरासारख्या खोलीत, खोट्या चंद्राखाली, त्यांनी ती सोडली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ॲनाबाईंची मोलकरीण ज्या खिडकीत उभी राहायची, तिथून ही जागा काही मैलांवर आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०२३च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की रोपवाटिकेतली प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. २०२४ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. तिथे कोणी टाकी घेऊन गेलं नाही. एवढ्या मोठ्या टाक्या नसतातच.

मागच्या रविवारी आजीला रात्रीचं दाखवलं. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण तिला झोप येत नाही. खोलीतले दिवे घालवले, फोन काचेला चिकटवला. प्रवाळांचे हात बाहेर आले होते. तिला सांगितलं की तुझ्या अंगठीतला खडासुद्धा कधीतरी असा होता, आठ हातांचा. तिने अंगठी स्क्रीनसमोर धरून पाहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

"ह्येंका खावक काय घालतंस?" तिने विचारलं.

"सुंगटां. सुकवून, पूड करून."

"सुंगटां?" आजी म्हणाली. "दगडाक?"